दर घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलेल्या वाचकांना तिथले रान, पावसाळ्यातले धबधबे आणि भवानीचे जुने देऊळ आठवत असेल. त्या पाटणचा एक शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सत्ताधीशांनी त्याला दान दिले, अशी त्यातली हकिगत. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात देवघेव करणाऱ्यांनी मठाला काय द्यायचे, हे त्यात सांगितले आहे; आणि त्यात घाण्यांचाही उल्लेख येतो. दर घाण्यामागे पळीभर तेल.

मला या लेखातले सगळ्यात जास्त काही आवडत असेल, तर हे माप. विद्या चालू ठेवायची तर खर्च येणार, तो कोणी तरी द्यायला हवा, हे सर्वांनाच मान्य. प्रश्न एवढाच, की मोजायचे कशाने? तेल किती निघाले ते नाही, तेल्याच्या घरात माणसे किती तेही नाही. घाणे किती, ते मोजायचे. सोपे, डोळ्यांना दिसणारे माप. दिवसभर बैल फिरणारा घाणा आणि आठवड्यातून दोनदाच फिरणारा घाणा या मापात सारखेच. दुसऱ्या घाण्याच्या मालकाला तेव्हा काय वाटले असेल, ते मात्र शिलालेखात नाही.

त्या दुसऱ्या मालकाची आठवण होण्याचे कारण आमचा व्यवसाय. मी गेली वीस-बावीस वर्षे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पतसंस्था, दवाखाने, जिनिंग आणि शाळा यांचे संगणक बसवून देण्याचे आणि सांभाळण्याचे काम करतो. पूर्वी लोक विचारत, यंत्र कितीचे? आता यंत्राची किंमत हा अवघड प्रश्न राहिलेला नाही. अवघड आहे तो त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा. आणि त्याहून अवघड म्हणजे तो परवाना कशावर मोजला जातो, हे समजून घेण्याचा. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांकडे या कामासाठी वेगळी माणसे असतात. साक्री, शिरपूर, यावल, पारोळ्याला कोण असणार?

मुळात या गावांना स्वतःचा संगणक हवाच कशाला, सारे काही मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रातून का चालू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गावातल्या दूध संकलन केंद्रावर मिळते. शेतकरी पहाटे किटली घेऊन येतो. दूध मोजले जाते, फॅट तपासले जाते आणि हातात पावती पडते. आता रस्ता रुंदीकरणात कुठे तरी केबल तुटली म्हणून पावती थांबवली, तर रांगेतले दूध नासेल. म्हणून हिशेब जागेवरच व्हायला हवा. वरच्या कार्यालयाला तो नंतर कळला तरी चालते. दवाखान्याचेही तसेच. एका सीटी स्कॅनमध्ये शेकडो चित्रे असतात. ती प्रत्येक वेळी शेकडो किलोमीटर दूर पाठवायची आणि डॉक्टरांनी पाहण्यासाठी परत मागवायची, यात अपघाताच्या रुग्णाचा जीव टांगणीला लागतो. काम जिथे घडते तिथेच, किंवा त्याच्या अगदी जवळ, गणिताची सोय ठेवायची या पद्धतीला संगणकाच्या भाषेत 'एज' म्हणतात. एज म्हणजे कड, काठ. आपण शेताच्या भाषेत 'बांधावरचा संगणक' म्हणू.

आता दुसरी गोष्ट. बांधावर यंत्र एकच ठेवायचे, पण कामे अनेक. दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी, क्ष-किरणांची चित्रे, औषधांचे बिल ही तिन्ही कामे एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. औषधांच्या बिलात बिघाड झाला तर रुग्णांच्या नोंदी बंद पडता कामा नयेत. यासाठी एकाच यंत्रात अनेक 'आभासी' यंत्रे उभी करतात. हे समजायला खान्देशी माणसाला लांब जायला नको. पांझरेच्या काठची फड पद्धत त्याने पाहिली नसली तरी ऐकलेली असते. नदीवर बंधारा एक, पाट एक. त्याखाली फड अनेक आणि शेतकरी त्याहून अनेक. पाणी कोणत्या फडाला केव्हा आणि किती सोडायचे हे पाटकरी पाहतो. ज्याची पाळी असेल त्याला आपल्यापुरते पाणी भरपूर आहे असे वाटते. संगणकात हे पाटकऱ्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हायपरव्हायजर' म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम पाटकऱ्याचेच. आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात आपल्या अवाढव्य संगणकांवर ही युक्ती केली होती. साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या संगणकांवर ती लोकप्रिय केली ती १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने. आज जगातल्या बँका, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या मोठ्या प्रमाणावर अशा पाटकऱ्यांच्या भरवशावर चालतात.

फडातला पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला असे आणि त्याला काय द्यायचे हेही शेतकरीच बसून ठरवत. संगणकातला पाटकरी दुसऱ्याच्या मालकीचा असतो. आपण त्याला विकत घेत नाही. त्याच्याकडून काम करून घेण्याची मुभा तेवढी घेतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये इंजिनीअरिंग अॅनालिसिस सेंटर या कंपनीच्या गाजलेल्या करविषयक खटल्यात हा फरक स्पष्ट केला. असे सॉफ्टवेअर घेणाऱ्याला ते वापरण्याचा हक्क मिळतो, त्याचा कॉपीराइट मिळत नाही. वापराच्या या मुभेलाच परवाना म्हणायचे. पण किती वापर? इथे पुन्हा माप आले.

एके काळी माप होते प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. यंत्रात मेंदू दोन, तर परवाने दोन. पुढे कारखान्यांनी एकाच मेंदूत चार, आठ, सोळा, बत्तीस 'कोअर' बसवायला सुरुवात केली. एकाच घाण्याला बत्तीस बैल जुंपावेत तसे. विकणाऱ्यांचे उत्पन्न घटू लागले, तसे त्यांनी माप बदलले. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या २०१६च्या आवृत्तीपासून कोअर मोजायला सुरुवात केली. व्हीएमवेअरने २०२०मध्ये एका प्रोसेसरचा परवाना जास्तीत जास्त बत्तीस कोअरपुरता मर्यादित केला. इथपर्यंत लहान संस्थांना फारशी झळ नव्हती. खरी झळ लागते ती 'किमान' या शब्दाने.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, धुळ्यात एक मध्यम रुग्णालय आहे आणि साक्री व शिरपूरला त्याचे एकेक उपकेंद्र. धुळ्याच्या यंत्रात दोन प्रोसेसर, प्रत्येकी आठ कोअर, म्हणजे सोळा. साक्री आणि शिरपूरला बांधावरची छोटी यंत्रे, एक प्रोसेसर, चार कोअर. तिन्ही ठिकाणचे मिळून खरे कोअर झाले २४. आता विंडोज सर्व्हरच्या नियमाने दर प्रोसेसरला किमान आठ आणि दर यंत्राला किमान सोळा कोअर धरायचे. धुळ्याचे सोळा, साक्रीचे चार असून सोळा, शिरपूरचेही सोळा, एकूण ४८. शिवाय स्टँडर्ड आवृत्तीत त्या परवान्यावर दोनच आभासी यंत्रे चालतात; तिसरे उभे केले की त्या यंत्राचे कोअर पुन्हा मोजायचे. वापरणाऱ्या माणसांमागे किंवा उपकरणांमागे वेगळा परवाना, तोही वेगळाच. व्हीएमवेअरच्या नियमात तर दर प्रोसेसरला किमान सोळा. म्हणजे धुळ्याचे ३२, साक्रीचे १६, शिरपूरचे १६, एकूण ६४. खरे २४, एका मापाने ४८, दुसऱ्याने ६४! यंत्रे तीच आणि कामही तेच.

यात कोणी लबाडी केली असे नाही. नियम छापलेले आहेत, कोणालाही वाचता येतात. पण किमानाचा आकडा ठरवणाऱ्यासमोर मुंबई-बंगळूरची मोठी केंद्रे असतात. तिथे एकेका प्रोसेसरमध्ये बत्तीस, चौसष्ट कोअर असतात. त्यांना किमान सोळाची अट जाणवतही नाही. ती बोचते फक्त बांधावर. जितकी शाखा लहान, तितका तिचा दर कोअरमागचा खर्च मोठा. चार कोअरच्या यंत्राला सोळाचे पैसे म्हणजे चौपट. जिल्ह्याच्या गावाने सोसला तसा खर्च तालुक्याच्या गावाला सोसत नाही आणि मग 'साक्रीचे केंद्र परवडत नाही' असा ठराव होतो. परवाना हा शब्द त्या ठरावात कुठेच नसतो. साक्रीच्या रुग्णाला मात्र धुळ्याची एसटी धरावी लागते.

ओरॅकलच्या डेटाबेसची गोष्ट तर आणखी निराळी. आभासी यंत्राला चारच कोअर वाटून दिले आहेत, हे सांगून भागत नाही. ते सॉफ्टवेअर ज्या ज्या प्रोसेसरवर चालू शकेल ते सारे मोजावेत, अशी त्या कंपनीची भूमिका आहे. फडाच्या भाषेत सांगायचे तर ऊस लावला एका वाफ्यात, पण पाटकरी जिथवर पाणी नेऊ शकतो त्या सगळ्या शिवाराची पट्टी भरायची.

एका तालुक्याच्या पतसंस्थेत संचालकांना हे समजावून सांगत होतो. खुर्चीत शांत बसलेले ज्येष्ठ संचालक आप्पा म्हणाले, "भाऊ, चार बैलांची जोत आहे आपली. सोळा बैलांचा चारा कशाले भरायचा?" सभेत हशा झाला. पण मला वाटते, जगभरात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे तो आप्पांनी एका वाक्यात सांगितला.

त्या वादाची हकिगत थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमचा परवाना विकणे बंद झाले. यापुढे ठरावीक मुदतीची वर्गणी भरायची. पूर्वी लहान संस्थांसाठी तीन यंत्रांपुरती एक स्वस्त जोडणी मिळत असे, तीही गेली. फुकट मिळणारी मर्यादित आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. कंपनीचे म्हणणे असे की सारा धंदाच वर्गणीकडे चालला आहे आणि ढीगभर सुट्या वस्तूंपेक्षा मोजक्या जोड्या ग्राहकाला सोयीच्या. त्यात तथ्य नाही असे नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. रोज नव्या भोकांना ठिगळे लावणारे अभियंते पोसावे लागतात. पण तक्रारी झाल्याच. अमेरिकेतली एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी २०२४मध्ये न्यायालयात गेली आणि नंतर तडजोड झाली. नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलमार्ग सांभाळणारे सरकारी खाते आहे, राइक्सवॉटरस्टाट. दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जाईपर्यंत मदत चालू ठेवा, अशी मागणी त्याने केली आणि जून २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयाने ती मान्य केली. समुद्राला बांध घालणाऱ्या देशाच्या सरकारालाही पाटकरी बदलायला उसंत मागावी लागली, तर आपल्या पतसंस्थेने हबकून जाण्यात नवल नाही.

मग सोपा मार्ग कोणता? जुनाच परवाना आहे, तसाच चालू द्या, कशाला हात लावता! हा सल्ला मी फार ऐकतो. कायम परवाना असेल तर जुनी आवृत्ती वापरण्याला कोणी हरकत घेत नाही. पण तिची ठिगळे बंद होतात. व्हीएमवेअरच्या सातव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे यंत्र उद्या बंद पडेल असे नाही. उलट ते व्यवस्थित चालताना दिसते आणि धोका तिथेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातल्या हजारो व्हीएमवेअर यंत्रांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ज्या फटीतून ते शिरले, ती बुजवण्याचे ठिगळ दोन वर्षे आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाले होते. ज्यांनी लावले नव्हते, ते सापडले. पाटकरीच चोरांना सामील झाला की एक वाफा नव्हे, सारा फड कोरडा पडतो. आभासी यंत्रांचे तसेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस कागद-पेनावर काम करावे लागले. लहान दवाखान्याकडे किंवा पतसंस्थेकडे तेवढी माणसे तरी कुठे आहेत? तिथे असतात ठेवीदारांच्या मुलीच्या लग्नाचे पैसे आणि रुग्णांच्या खासगी नोंदी.

दुसरा 'सोपा' मार्ग चोरीच्या प्रतीचा. त्याबद्दल कायदा काय म्हणतो, एवढे सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. संस्थेच्या बाबतीत त्याची झळ संचालकांपर्यंत येऊ शकते. शिवाय चोरीच्या प्रतीला अधिकृत ठिगळे मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

मग खरे मार्ग कोणते? मला तीन दिसतात.

पहिला, बांधावर लागेल तेवढेच ठेवायचे. प्रत्येक शाखेत आभासी यंत्रांचा थाट हवाच असे नाही. दूध केंद्राला एक साधा संगणक पुरतो. एकाच कामासाठी पाटकरी नेमणे म्हणजे एका कुंडीसाठी पाट खोदणे. जे काम दोन तास थांबले तरी चालेल ते मध्यवर्ती ठिकाणी न्यावे, जे थांबता कामा नये तेवढेच जागेवर ठेवावे.

दुसरा, एकत्र येण्याचा. गावोगावच्या विकास सोसायट्यांचे उदाहरण ताजे आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली. ६३ हजार संस्था, २,५१६ कोटी रुपये. पुढे ही व्याप्ती आणखी वाढली. प्रत्येक सोसायटीने वेगळे सॉफ्टवेअर घेण्याऐवजी नाबार्डमार्फत देशभरासाठी एकच सामाईक सॉफ्टवेअर, ही तिच्यातली कल्पना. अंमलबजावणीबद्दल मते असू शकतात. पण वाटाघाटीला एक सोसायटी बसणे आणि त्रेसष्ट हजार बसणे यातला फरक सहकारावर वाढलेल्या खान्देशला समजावून सांगायला नको. पाच-सात पतसंस्थांनी किंवा दवाखान्यांनी मिळून खरेदी केली, तरी बोलण्याला वजन येते. अर्थात एकाचा परवाना दुसऱ्याने वापरायचा नाही. करार तसा करून घ्यायचा.

तिसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्सच्या गाभ्यातच फेब्रुवारी २००७ पासून केव्हीएम नावाचा पाटकरी आहे. इस्रायलमधल्या एका छोट्या कंपनीत तो जन्मला. व्हिएन्नातली प्रॉक्समॉक्स ही कंपनी त्यावर उभारलेली व्यवस्था २००८ पासून देते. सॉफ्टवेअर मोफत, आधार हवा असेल तर दर प्रोसेसरमागे वर्गणी, कोअर कितीही असोत. भारत सरकारनेही २०१५ साली सरकारी यंत्रणेत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक तर कितीतरी वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत.

पण मोफत म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. परवान्याचे वाचलेले पैसे माणसावर खर्च करावे लागतात. रात्री दोन वाजता यंत्र बंद पडले तर उचलायला फोन कोणाचा? याचे उत्तर तयार नसेल तर मुक्त सॉफ्टवेअरकडे जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. मात्र हे उत्तर आपल्याकडे तयार होऊ शकते. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बांभोरीला, धुळ्याला, शिरपूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथली मुले पदवी घेऊन पुण्याला जातात, कारण इथे त्यांच्या जोगते काम नाही असे म्हणतात. परदेशी जाणाऱ्या वर्गणीतला काही भाग जर दहा संस्थांनी मिळून अशा दोघा-चौघांच्या पगारात घातला, तर पाटकरी पुन्हा गावचा होईल.

कोणता मार्ग धरावा हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण संस्थेचे सभासद, दवाखान्याचे विश्वस्त, शाळेचे पालक म्हणून आपल्यापैकी अनेकजण अशा खरेदीच्या ठरावाला हात वर करतात. हात वर करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न संगणक न येणाऱ्यालाही विचारता येतील. परवाना कशावर मोजला जाणार: प्रोसेसर, कोअर, माणसे की आभासी यंत्रे? किमान किती धरणार, आणि आपल्या सगळ्यांत लहान शाखेला तो आकडा काय पडतो? परवाना कायमचा की मुदतीचा, आणि मुदत संपल्यावर यंत्र चालू राहील का? ठिगळे कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? आणि उद्या दुसरीकडे जायचे ठरवले, तर आपला हिशेब, आपल्या नोंदी आपल्याला बाहेर काढता येतील ना? पाच प्रश्न, पाच लेखी उत्तरे. ती यंत्राची मागणी नोंदवण्याच्या आधी हवीत. कारण यंत्रात कोअर किती असावेत हेच मुळी त्या उत्तरांवरून ठरवायचे असते.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. गाडी भरायला आली की तो भाव विचारतो खरा, पण त्याचा डोळा काट्यावर असतो. भाव चार पैशांनी खाली-वर झाला तर चालतो. काटा दुसऱ्याच्या हातात गेला की वर्षभराची मेहनत जाते. संगणकाच्या खोलीत शिरतानाही तीच नजर बरोबर ठेवावी.